अडतीस साहेबांचं रिव्हॉल्व्हर

"आजवर किती जणांना उडवलंत हो?" जावयाच्या भागीदाराने तोंडातला घास एका गालातून दुसऱ्या गालात सारत विचारलं.

अडतीस साहेबांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. सगळी हयात पोलीस खात्यात गेली, निवृत्त होऊन डोक्यावरचे केसही गेले, पण लोकांची ही खाज काही गेली नाही. मागे एका डॉक्टरने त्यांच्या छातीला नळी लावल्या लावल्या हेच विचारलं होतं.

"एकच बार. तोही मांडीवर," ते म्हणाले. "भर बाजारात एकाने सुरा काढला होता. खाली पडला आणि पाणी मागायला लागला. गाडी येईपर्यंत मी त्याच्या जखमेवर माझा शर्ट दाबून बसलो होतो."

"मग? मेला?"

"नाही. लंगडतो. दिसतो अधूनमधून."

"हात्तिच्या!" भागीदार म्हणाला, आणि टेबलाभोवतीचे सगळे चेहरे पडले. माणूस जगला याचं इतकं वाईट वाटलेली माणसं साहेबांनी पूर्वीही पाहिली होती. तरी त्यांना नव्याने शिसारी आली.

अडतीस हे नाव त्यांना खात्याने दिलं. नवी पिस्तुलं आली तेव्हा बरोबरीचे अधिकारी त्या पिस्तुलांवर तुटून पडले. हे मात्र आपल्या अडतीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरला चिकटून राहिले. कारण विचारलं तर म्हणायचे, "बाबांनो, हे उघडलं की याच्या पोटात काय आहे ते आंधळ्यालाही बोटाने कळतं. तुमच्या त्या पेटीच्या आत काय चाललंय, देव जाणे." पुढे त्यांनी परवाना काढून स्वतःचं घेतलं, तेही अडतीसच. बायको हयात असताना म्हणायची, "माझं आजारपण विसराल, पण त्याचं तेलपाणी नाही विसरायचे."

आता मात्र वय झालं होतं. रिव्हॉल्व्हरची काहीतरी सोय लावायला हवी होती. जावई कधीचा मागे लागला होता, परवाना काढतो, माझ्या नावावर करून द्या म्हणून. मुलगीही म्हणायची, "घरातलं घरातच राहील, बाबा." परक्याच्या हातात जाण्यापेक्षा हे बरं, असं मनाशी ठरवून साहेब आज जेवायला आले होते. जेवण झालं की हो म्हणायचं होतं.

"बाबांचं ते म्हातारं खेळणं आता आपल्याकडे येणार," जावई ऐटीत म्हणाला. "ते सगळ्यांना बघायला मिळेलच. पण आधी तुमचा नवा घोडा दाखवा की त्यांना!"

भागीदाराने कमरेचं पिस्तूल काढून ताटांच्या मध्ये ठेवलं. मुठीवर सोनेरी नक्षी होती. साहेबांना ते दागिन्याने मढवलेल्या विंचवासारखं वाटलं.

"जेवणाच्या टेबलावर?" ते म्हणाले.

"अहो, रिकामं आहे!" भागीदाराने ते उचललं, मुठीतलं मॅगझिन ओढून काढलं आणि सगळ्यांना दाखवलं. "हे बघा. गोळ्या इथे, माझ्या हातात." मग पिस्तूल बोटावर फिरवत त्याने नेम धरला. समोर स्वयंपाकघराचं दार होतं. दारात हातात गरम भांडं घेऊन साहेबांची मुलगी उभी होती.

"हँड्स अप, वहिनी!"

"अहो, हात वर केले तर भांडं पडेल ना!" मुलगी हसत म्हणाली.

त्याचं बोट चापावर होतं. साहेब कधी उठले ते कुणालाच कळलं नाही. त्यांनी भागीदाराचं मनगट धरून छताकडे वळवलं, पिस्तूल हिसकावलं आणि त्याचा वरचा भाग खटकन मागे ओढला. आतून एक अख्खी गोळी बाहेर उसळली, टेबलावर टप्पा खाऊन कुणाच्या तरी ताटात पडली.

मॅगझिन काढलं तरी आधीच नळीत चढलेली गोळी आतच राहते. पिस्तूलवाल्यांची ही चूक साहेबांनी पूर्वी पाहिली होती. एका शिपायाच्या घरी पंचनामा करताना.

मग भागीदाराला हसू फुटलं. "च्यायला! वाचलो की राव!" त्याच्यापाठोपाठ जावई हसला, बाकीचे हसले. कुणीतरी ताटातली गोळी चमच्याने उचलून मोबाईलवर फोटो काढला. आणि भांडं टेबलावर ठेवत मुलगीही हसली. तिच्याकडे पाहत साहेबांनी रिकामं पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"जाऊ द्या हो बाबा," जावई म्हणाला. "काही झालं तर नाही ना? बसा. आपल्या रिव्हॉल्व्हरचं बोलू."

"माझं रिव्हॉल्व्हर या घरात येणार नाही," साहेब म्हणाले. हात धुऊन, चपला घालून ते निघाले. ताटातलं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते खात्याच्या शस्त्रागारात गेले. नको झालेली हत्यारं तिथे कापून टाकत. सगळे सोपस्कार उरकल्यावर तिथल्या जुन्या हवालदाराने रिव्हॉल्व्हर हातात घेतलं तेव्हा त्याचा जीव वरखाली झाला.

"साहेब, काय जपलंय हो! असलं कापायचं? एखाद्या शौकिनाला द्या ना."

"शौकीन पाहून आलोय कालच," साहेब म्हणाले. "काप."

हवालदाराने ते लोखंडी पकडीत आवळलं. करवत लागली, ठिणग्या उडाल्या. जळक्या तेलाचा वास साहेबांच्या घशात बसला. नळी वेगळी झाली, मग गोळ्या भरायचं मधलं चाक. साहेब खुर्ची नाकारून उभेच होते.

एवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, काल तुम्ही सगळ्यांसमोर ह्यांना मान खाली घालायला लावलीत. रात्रभर बोलले नाहीत ते माझ्याशी. मागून मागून मागितलं काय, तर एक जुनं रिव्हॉल्व्हर! तेवढंही तुम्हाला देववलं नाही? पोटच्या मुलीपेक्षा ते लोखंड तुम्हाला जवळचं?"

हवालदाराने तुकडे पत्र्याच्या डब्यात टाकले. दारात उभी असलेली ती, दोन्ही हात भांड्यात अडकलेले, साहेबांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. काल काय होता होता राहिलं ते तिला सांगावं, असं ओठावर आलं. पण सांगितल्यावर ती पुन्हा हसली असती, तर ते त्यांना सहन झालं नसतं.

"बाबा, ऐकताय ना?"

"हो गं," साहेब म्हणाले. "जेवलीस का?"