आधी विंचर, मग आंघोळ

ताईच्या चिठ्ठीत एकूण अकरा सूचना होत्या आणि मास्तरांनी त्यांतल्या दहा तंतोतंत पाळल्या.

चिठ्ठी पिंजूबद्दल होती. पिंजू म्हणजे ताईचा पामेरियन. पांढरा, चार वर्षांचा, वजन साडेतीन किलो. त्यातले निदान दोन किलो केसच असावेत असं बघणाऱ्याला वाटे. ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ऑपरेशन लेकीच्या शहरात व्हायचं होतं, एका वेळी एक डोळा, मध्ये महिन्याचं अंतर. जावयाला कुत्र्याच्या केसांनी शिंका येत. म्हणून पहिल्या डोळ्याचे बारा दिवस पिंजू ताईच्या धाकट्या भावाकडे राहणार होता.

भाऊ शिंपी होता. बाजाराच्या मागच्या गल्लीत खाली दुकान, वर दोन खोल्या. लग्न केलं नव्हतं. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. ताई मात्र भाऊ साठीला आला तरी 'धाकट्या' म्हणत असे.

"हे बघ धाकट्या," निघताना ती म्हणाली, "एखाद वेळचं जेवण चुकलं, त्यानं तुझी चप्पल खाल्ली, तरी चालेल. केस मात्र जागच्या जागी पाहिजेत. काही वेडंवाकडं झालं तर दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी त्याला कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवीन."

"ताई, कापडात जन्म गेलाय माझा."

"म्हणूनच सांगतेय."

यामागे एक जुना कोट होता. मास्तर नुकते काम शिकून आले तेव्हा त्यांनी ताईला नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी कोट शिवून दिला. कापड न भिजवताच कापलं. पहिल्या धुण्यात कोट आटला आणि बाह्या मनगटापासून तीन बोटं वर गेल्या. ताईने तो कोट आजवर टाकला नव्हता. घरी पाहुणे आले की कपाटातून काढून दाखवत असे. तेव्हापासून मास्तरांनी एक नियम केला होता : आधी भिजवायचं, मग बाकीचं. चाळीस वर्षांत एकही वार कापड त्यांनी कोरडं कापलं नव्हतं.

चिठ्ठीतली सातवी सूचना अशी होती : 'आंघोळीआधी मुळापासून विंचर. पूर्ण विंचरून झाल्याशिवाय पाणी लावू नकोस.'

मास्तरांनी ती वाचली आणि ताईला यातलं काय कळतंय, अशा अर्थाने चष्मा काढून ठेवला.

पहिले दोन दिवस ते पिंजूला गिऱ्हाइकासारखं वागवत होते, म्हणजे आदबीनं आणि थोड्या संशयानं. तिसऱ्या दिवशी पिंजू कातरणांच्या टोपलीत झोपला आणि मास्तरांनी दुपारभर कातरणं जमिनीवर टाकली. चौथ्या दिवसापासून त्याने मशीनखाली मास्तरांच्या उजव्या पावलावर हनुवटी ठेवून झोपायला सुरुवात केली. मास्तर डाव्या पायाने मशीन चालवू लागले. टाके थोडे वाकडे येऊ लागले, पण गिऱ्हाइकांच्या ते लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते मावशींच्या. मावशी दुकानात काज-बटणाचं काम करत. सतरा वर्षं त्याच खुर्चीत बसून त्यांनी जितके काज केले तितकेच टोमणे मारले होते.

"मास्तर, कालपासून तुम्ही बोलताय."

"मी रोजच बोलतो."

"रोज मापं बोलता. काल तुम्ही त्याला विचारलंत, 'झोप झाली का.' मला सतरा वर्षांत नाही विचारलंत."

"तुम्ही कामावर झोपत नाही."

"झोपून बघते एकदा."

दुसऱ्या डोळ्याच्या वेळीही पिंजू आपल्याकडेच यावा, असं मास्तरांना वाटू लागलं होतं. तसं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त एक छोटी गादी शिवली, तिला दोन खोळी केल्या, आणि दुसरी खोळ 'पुढच्या वेळेसाठी' म्हणून कपाटात ठेवली.

सातव्या दिवशी पिंजूने मशीनच्या तेलाचा डबा स्वतःवर उपडा केला.

आंघोळ घालणं भाग होतं. मास्तर त्याला रोज विंचरत होते, पण मखमलीवरून ब्रश फिरवावा तसं, वरवर, एकाच दिशेनं. वरून केस चमकत. आत, मुळाशी, सात दिवसांचा गुंता जमला होता. मुळापासून विंचरायला गेले तर तेलकट केसांत फणी अडकायला लागली. मास्तरांनी विचार केला : कडक कापडसुद्धा भिजवलं की सैल होतं. त्यांनी कोमट पाण्याची बादली भरली, घड्याळ बघून पिंजूला बारा मिनिटं भिजवलं, साबण लावला, पंच्याने खसाखसा पुसला आणि खिडकीत उन्हात बसवला.

तासाभराने मावशींनी हात लावून पाहिला. कानांमागे, काखेत, पोटाखाली, मांड्यांवर केसांच्या जटा झाल्या होत्या. घट्ट आणि चपट्या, गालिच्याच्या तुकड्यांसारख्या.

"हे कुत्रं राहिलं नाही," मावशी म्हणाल्या. "पायपुसणं झालं."

"सुटेल."

"चिठ्ठीत काय लिहिलं होतं?"

मास्तरांनी पुन्हा फणी घातली. जटा सुटत नव्हत्या आणि ओढलं की पिंजू कुरकुरत होता. तेव्हा त्यांनी दहा इंची कात्री घेतली. उजव्या कानामागची जटा कापली. मग दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून डाव्या कानामागून तेवढंच कापलं. डावीकडे पाव इंच जास्त गेलं. उजवीकडे पाव इंच आणखी घेतलं. काख, कूस, पाठ, पुन्हा कूस. टेपने मोजत, खडूने खुणा करत दीड तासाने ते थांबले तेव्हा डोकं आणि शेपूट सोडून पिंजूच्या सर्वांगावर बरोबर अर्धा इंच केस उरले होते. काम अतिशय सुबक झालं होतं. पुढे पांढरा फुललेला चेहरा, मागे तसाच फुललेला झुबका, आणि मध्ये एक सडपातळ अनोळखी प्राणी. पिंजू स्वतःकडे वळून वळून पाहत होता. एकंदरीत त्याला ते आवडलं असावं.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," मावशी म्हणाल्या. "तुमचा हात, याचं अवलक्षण."

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पिंजूला टेबलावर उभं करून सगळीकडून तपासलं.

"कातडीवर एक ओरखडा नाही. कुणाकडून कापून घेतलेत?"

"शिंप्याकडून," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं आणि पुढचं विचारलं नाही. "या जातीला दोन थर असतात. वर लांब केस, खाली मऊ अस्तर. न विंचरता भिजवलं की अस्तर आवळतं. म्हणून आधी विंचरायचं असतं."

"असं कुणीतरी म्हणालं होतं खरं. परत कधी येतील?"

"सहा महिने. कधी वर्षसुद्धा. तोवर कडक ऊन आणि थंडी लागू देऊ नका. बाहेर नेताना अंगात काहीतरी घाला."

शेवटचं वाक्य ऐकून मास्तरांचा चेहरा उजळला.

हिवाळी कोटांच्या टोप्यांसाठी आणलेलं पांढरं केसाळ कापड दुकानात सव्वा मीटर शिल्लक होतं. मास्तरांनी पिंजूचं माप घेतलं : गळा, छाती, पाठीची लांबी, पायांची भोकं. कापड भिजवलं, वाळवलं, मग कापलं. मावशींनी कडेची तुरपाई केली आणि पोटाखाली चार हूक लावले. अंगरखा गळ्याशी मानेच्या केसांत आणि मागे शेपटीखाली असा बेमालूम मिसळला, की दोन हातांवरून मास्तरांनाही शिवण सापडेना.

अडचण एकच होती. अंगरखा घातला की पिंजू पुतळा होई. बसेना, चालेना, वळेना. फोटो काढून घ्यायला उभं केल्यासारखा समोर बघत राही. बिस्किटांचे तुकडे टाकत टाकत दोन दिवसांत तो चालू लागला, पण उसने कपडे घालून लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा, कुठे टेकायचं नाही अशा बेतानं.

"चालेल," मास्तर म्हणाले. "ताईला कुठे एवढं दिसतंय? गेल्या वेळी तिने माझ्याऐवजी कोटाच्या पुतळ्याला विचारलं, जेवलास का."

मावशींनी सुई थांबवली. "मास्तर, ताई गेल्यात कशाला?"

"ऑपरेशनला."

"कशाच्या?"

 मास्तर उठले, अंगरखा उलटा केला आणि म्हणाले, "हा दोरा जाड दिसतोय. बारीक घ्या."

बाराव्या दिवशी सकाळी अकराला ताई आली. काळा चष्मा, हातात पिशवी, आणि पूर्वी जी उंबरा पायाने चाचपत येई ती सरळ चालत आत. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि दुकान पाहिलं.

"कोपऱ्यात जाळी आहेत. तो कोटाचा पुतळा तुझ्यापेक्षा बरा उभा राहतो. आणि धाकट्या, तू एवढा म्हातारा कधी झालास?"

"गेल्या पाच दिवसांत," मावशी म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं असतं. त्यांच्या मनात तर दिवसाढवळ्या पडलं होतं.

पिंजू ताईला पाहून धावायला निघाला, अंगात अंगरखा असल्याचं मध्येच आठवून थबकला आणि मग एकेक पाऊल मोजत तिच्याकडे गेला. ताईने त्याला उचललं. एक हात पाठीवर, एक पोटाखाली. चार हूक पोटाखालीच होते. तिचा हात तिथे थोडा थांबला.

"छान राखलास," ती म्हणाली. "जाड झालाय का?"

"खातो चांगलं."

"विंचरून दाखव बघू कसं विंचरतोस."

मास्तरांनी कापड विंचरलं. कापड चांगल्या प्रतीचं होतं. एक केस निघाला नाही.

"मुळापासून विंचर."

"मुळापासूनच चाललंय."

"मग आता आंघोळ घालू. प्रवासात माझे हात धुळीचे झालेत, त्याला लागलेत."

"आज नको," मास्तर म्हणाले, "आटेल."

 मावशींनी तोंडात पदराचा बोळा धरला.

"कुत्रा आटेल?" ताईने विचारलं.

"म्हणजे... गारठेल."

"धाकट्या, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस." ताईने खुर्ची ओढली, पिंजूला मांडीवर उताणं केलं आणि एकामागून एक चारही हूक काढले. अंगरख्यातून सडपातळ पिंजू बाहेर आला, त्याने सर्वांग झाडलं आणि बारा फुटी दुकानाला तीन फेऱ्या मारल्या.

ताई अंगरखा उजेडात धरून बघत राहिली. "तुरपाई मावशींची. इतका बारीक टाका मला सहा वर्षांनी दिसला."

"कापणी माझी," मास्तर हळूच म्हणाले.

"ती दिसतेच आहे." तिने फेऱ्या मारणाऱ्या पिंजूकडे हनुवटीने दाखवलं. "भिजवलास ना आधी?"

"तेल सांडलं होतं."

"आधी भिजवलास ना?"

"हो. पण ताई, तुझ्या कोटापासून मी कधीच कोरडं..."

  ताईचे खांदे हलू लागले. डॉक्टरांनी डोळ्यांवर ताण देऊ नका, हसायचं जपून असं बजावलं होतं म्हणून तिने चष्मा खाली ओढून, ओठ दाबून ते बराच वेळ चालवलं.

"तुला कळलं कधी?" मास्तरांनी विचारलं. "डोळा इतका चांगला झालाय?"

"डोळ्याचं काय घेऊन बसलास? याच्या उजव्या कुशीत भोवरा आहे. चार वर्षं मी त्याला बोटांनीच बघतेय. तुझ्या अंगरख्याला भोवरा नव्हता."

पिंजू एव्हाना दमला होता. तो ताईकडे गेला नाही. मशीनला टेकून उभ्या मास्तरांकडे गेला आणि त्याने त्यांच्या उजव्या पावलावर हनुवटी ठेवली. मास्तर जराही न हलता उभे राहिले. एका पायावर भार देऊन, अवघडून.

"हे कधीपासून?" ताईने विचारलं.

"चौथ्या दिवसापासून," मावशी म्हणाल्या. "तेव्हापासून मास्तर डाव्या पायाने शिवतात. कुणाकुणाच्या विजारी नागमोडी गेल्यात."

ताईने नव्या डोळ्याने भावाकडे नीट पाहिलं. मागचं कपाट उघडं होतं, त्यात छोट्या गादीची दुसरी खोळ घडी करून ठेवलेली होती. तीही पाहिली.

"वसतिगृहात जागा सांगून ठेवली होती मी," ती म्हणाली.

"हं."

"रद्द करते. पण एका अटीवर."

"रोज मुळापासून विंचरीन. थर उचलून उचलून."

"ते तर आहेच. ही अट वेगळी." तिने टेबलावरची दहा इंची कात्री उचलली. ती मास्तरांच्या उस्तादांनी दिलेली. चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या हातात गेली नव्हती. "दुसऱ्या डोळ्याला निघाले की परत येईपर्यंत ही माझ्याजवळ राहील."

"ताई, बारा दिवस? मी शिंपी आहे."

"मग वसतिगृह आहेच."

मास्तरांनी कात्रीकडे पाहिलं. मग पायाकडे. मग मान डोलावली. पुढच्या महिन्यात ताई निघाली तेव्हा त्यांनी कात्री फडक्यात गुंडाळली, टोकाला बूच लावलं आणि स्वतःच्या हाताने तिच्या पिशवीत ठेवली.

ते बारा दिवस दुकान उघडं होतं, पण नवं कापड कुणाचंच घेतलं जात नव्हतं. मास्तर दारात बसून पिंजूच्या अर्ध्याचा पाऊण झालेल्या केसांतून फणी फिरवत असत, बोटाने एकेक थर उचलून, मुळापासून. कुणी चौकशी केली तर मावशी काजावरून मान वर न करता सांगत,

"पुढच्या आठवड्यात या. मास्तरांची कात्री डोळ्याच्या ऑपरेशनला गेलीय."