पुलाखालचा चकवा

लवू परबाला चकवा लागला तो भर दुपारी, डांबरी रस्त्यावर, स्वतःच्या स्कूटरवर. नांदगाव स्टेशनवर नातीला आणायला गेलेला सत्तरी ओलांडलेला हा गडी दोन तासांनी एकटाच परत आला. नात सलोनी तोवर रिक्षाने घरी येऊन, जेवून, झोपलीसुद्धा होती.

"हायवेच्या नव्या पुलाखाली चकवो लागलो," लवूने सांगितलं. "फिरान फिरान ताच शहाळ्यांचा दुकान!"

ठाण्याहून सुट्टीला आलेला मुलगा देवेश हसला नाही. त्याने स्कूटरची चावी आपल्या खिशात टाकली. "बाबा, याला गोंधळणं म्हणतात. या वयात होतं. उद्या कणकवलीला डॉक्टरांना दाखवू."

"गोंधळलो तर चूक माणसाची, चकवो लागलो तर वाटेची," लवू म्हणाला. "माझ्या आज्याक लागललो. जांभळीभोवती बैलगाडीचे इतके फेरे घातल्यान, की थंय पावसात आजून तळी भरता. त्याका खंय कोणी डॉक्टराकडे नेल्यान?"

बोलला खरं, पण पहाटे जाग आल्यावर लवू अंथरुणातच पन्नास वर्षांतल्या गुरांची नावं आठवू लागला. चोवीस आठवली. पंचविसाव्या म्हशीचं नाव काही केल्या येईना. चकवा हा शब्द आजवर त्याने गजाली रंगवायलाच वापरला होता. वाट ठीक असली आणि आपणच बिघडलो असलो तर?

सकाळी देवेशने त्याला गाडीत घातलं. मोबाईलमधली बाई वाट सांगत होती. पुलाखाली तिने डावीकडे वळवलं, मग उजवीकडे, आणि समोर शहाळ्यांचं दुकान आलं. देवेशने गाडी फिरवली. पुन्हा शहाळी. लवू खिडकीबाहेर बघत फेरे बोटांवर मोजू लागला. तिसऱ्या खेपेला तीच शहाळी दिसली, तेव्हा पंधरा वर्षं ठाण्यात काढलेल्या देवेशच्या तोंडून निघालं, "आयला, परत हयसरच कशे इलंव?"

दुकानवाल्या मथुरेने कोयता खाली ठेवला. "ये झिला, गाडी बाजूक लाव. काल बापसान पाच फेरे घातल्यान, तू तीनातच थकलंस? वाटेचो बोर्ड त्या निळ्या पत्र्यांमागे झाकलो गेलो. आठ दिस सगळे हयसरच गरगरतत. पूल बांधणारो इंजिनेरसुद्धा फिरान इलो. दोन शहाळी पिऊन गेलो."

"सगळे?" लवूने विचारलं.

"सगळे! पत्र्यामागसून डाव्या हाताक वळलास की सुटलास."

लवू बाकड्यावर बसला. डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. म्हशीचं नाव अजून आठवत नव्हतं, आणि आता नाही आठवलं तरी चालणार होतं.

"काय म्हणतत म्हणालंस ह्याका?" त्याने मथुरेने दिलेलं शहाळं पीत विचारलं. "गोंधळणा?"

देवेशने घाम पुसला, खिशातून स्कूटरची चावी काढली आणि बापाच्या हातावर ठेवली. "नाय बाबा. माका चकवो लागलो."

"मग डॉक्टर?"

"फोन करून सांगतंय, येणव नाय म्हणान."

तेवढ्यात एक लाल गाडी दुसऱ्यांदा दुकानासमोर आली. आतला माणूस चष्मा पुसत होता. लवूने शहाळं देवेशच्या हातात दिलं, रस्त्यात जाऊन उभा राहिला आणि हात उंच केला.

"थांब रे! घाबरू नको, तुका काय एक झालेला नाय. मी सांगतंय वाट."