लिफ्ट अडकल्यास

"चप्पल घालाल तर बघा," काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या.

वायरमनकाकांचा एक पाय चपलेत गेलेलाच होता. बाहेर लिफ्टची घंटा कोकलत होती. आठवड्यातून दोनदा तरी ही लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये रुसून बसायची. मग कोणीतरी सात मजल्यांच्या वर गच्चीवरच्या खोलीत चढून जायचं आणि हाताने चाक फिरवून तिला खाली आणायचं. हे कोणीतरी म्हणजे गेली एकोणीस वर्षं काकाच. वायरमनची नोकरी संपली, ही फुकटची चाकरी काही संपेना.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की दोन मजल्यांच्या वर चढायचं नाही, हृदयाला झेपणार नाही. काकांनी मान डोलावली. मान डोलावण्यात काका पटाईत. त्याच आठवड्यात दोनदा वर जाऊन आले आणि घामाने थबथबून भिंतीला टेकून बसले.

काकूंचं डोकं फिरलं होतं ते साऱ्या इमारतीवर. नव्या लिफ्टचा विषय दर सभेत निघायचा, दर सभेत कोणीतरी हसून म्हणायचं, काका आहेत ना, आणि विषय तिथेच बारगळायचा. आज संध्याकाळी पुन्हा सभा होती. काकूंनी मनाशी ठरवलं होतं, आज लोकांना लटकू दे दोन तास, त्याशिवाय यांचे डोळे उघडायचे नाहीत. वरच्या खोलीची किल्ली त्यांनी सकाळीच कमरेला खोचली होती.

सेक्रेटरी दारात आला. काका आजारी आहेत, लिफ्टवाल्याला बोलवा, असं काकूंनी त्याला सुनावलं. तो म्हणाला, लिफ्टवाला दुपारी येणार आणि आत सहाव्या मजल्यावरची नर्स अडकली आहे. काकूंनी दार लावून घेतलं.

घंटा थांबली. मग लिफ्टच्या दारावर धपाधप थापा ऐकू येऊ लागल्या.

"तिचा जीव घाबरा होतो गं बंद जागेत," काका म्हणाले. "मागच्या वेळी रडत होती."

"आणि तुमचा जीव घाबरा होतो तेव्हा कोण येतं विचारायला?"

काकांनी दुसरी चप्पल घातली आणि हात पुढे केला. किल्ली दिली नाही तर हा माणूस वर जाऊन कुलूप फोडेल, हे काकूंना कळून चुकलं.

"बसा खाली," त्या म्हणाल्या. "मी जाते."

दर मजल्याला एकेका बिऱ्हाडाचा उद्धार करत त्या चढल्या. एकोणीस वर्षं जेवताना ऐकून सगळं पाठ झालं होतं. आधी मेन स्विच बंद, मग ब्रेकची दांडी दाबून धरायची, चाक सावकाश फिरवायचं, दोरावरची पांढरी खूण पट्टीशी जुळली की मजला आला. पहिल्यांदा त्यांनी चाक उलटं फिरवलं. लिफ्ट वर सरकली, आतून किंकाळी आली. काकूंनी दांडी न सोडता चाक दुसऱ्या बाजूने फिरवलं. खूण जुळली. खाली दार उघडल्याचा आवाज झाला.

"थँक्यू हं काका," नर्सचा आवाज वर आला. "पण जरा लवकर येत जा."

संध्याकाळच्या सभेत काकू स्वतः उठून बोलल्या. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं, सकाळी लिफ्ट आपणच खाली आणली हेही सांगितलं. लोक हळहळले. यापुढे काकांना अजिबात त्रास द्यायचा नाही, असं सेक्रेटरीने बजावलं. काकूंना हायसं वाटलं. महिनाभर छातीवर असलेलं ओझं उतरलं.

"मग लिफ्टचं काय करायचं?" कोणीतरी विचारलं.

"एवढी घाई काय आहे?" सेक्रेटरी म्हणाला. "काकूंना येतंय की सगळं."

टाळ्या पडल्या. काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला.

सकाळी त्या दूध घेऊन आल्या तेव्हा लिफ्टच्या दाराशी नवा कागद होता. लिफ्ट अडकल्यास दुसऱ्या मजल्यावर काकूंना कळवावे. अक्षर सुबक होतं. काकूंनी नखाने कोपरा खरवडून पाहिला, पण डिंक पक्का होता.

ड्यूटीवरून आलेली नर्स लिफ्टमध्ये शिरली आणि तिने दार धरून ठेवलं. "या ना काकू, जागा आहे."

काकू जिन्याकडे वळल्या. आपण आत अडकलो तर वर कोण जाईल, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.