वहिनींनी आणलेली सीट

वहिनींनी गाडीतली ती लहान मुलांची सीट धुऊन, उन्हात वाळवून आणली होती. कापडाला अजून साबणाचा वास होता.

"घे गं. हिच्यामुळेच माझी पोर वाचली. आता तुझ्या बाळाला सांभाळेल."

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. गाडीच्या अपघातात त्यांचे यजमान, म्हणजे भाऊजी, जागच्या जागी गेले. मागे या सीटमध्ये बांधलेल्या लेकीला साधा ओरखडा उठला नाही. तेव्हापासून ही सीट त्यांनी तळहाताच्या फोडासारखी जपलेली.

आणि मी पडले नियमवाली. नवरा मला घरातली वाहतूक पोलीस म्हणतो. अपघातातून गेलेली सीट पुन्हा वापरायची नाही, हे मला पाठ होतं. वरून धड दिसली तरी आतून पिचलेली असू शकते. दुसरा दणका झेलेलच असं नाही.

नवऱ्याने मला स्वयंपाकघरात ओढलं. "आत्ता घे, मग माळ्यावर टाकू. तिचं मन कशाला मोडतेस?"

"आणि उद्या वहिनीच बाळाला हिच्यात बसवून फिरवायला निघाल्या तर?"

माझी जीभ रेटत नव्हती, तरी बाहेर येऊन वहिनींना सगळं सांगितलं.

वहिनींनी सीट जवळ ओढली. "म्हणजे हिचं काम तेव्हाच संपलं म्हण की." मग पट्ट्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "ह्यांनी त्या सकाळी ओढून बसवले, तेवढेच घट्ट आहेत बघ. धुतानाही सैल केले नाहीत मी."

"मग राहू दे ना तुमच्याकडेच."

"नको. माझ्या माघारी कुणीतरी काढेल आणि एखादं लेकरू बसवेल. टाकताना काय करतात?"

"पट्टे कापायचे. म्हणजे कुणी उचलून वापरत नाही."

कात्री मी आणली, पण हात पुढे होईना.

"आण इकडे. मोठी पोलीस, आणि कात्री धरून नुसती उभी!" त्या हसल्यासुद्धा.

पट्टा चिवट होता, कात्री घसरत होती. जोर लावून त्यांनी एक बाजू कापली. दुसरीला कात्री लावली आणि थांबल्या.

"ही तू काप."

त्यांनी तोंड फिरवलं. मी कापत होते तोवर सीट हलू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.