जुन्या टाक्यांत रुजलेला जीव

बेकरीवालीला पहिली मुलगी सिझेरियनने झाली होती. ती ठमी आता शाळेत जायला लागली होती आणि घरात दुसऱ्या बाळाचे वेध लागले होते. पाळी चुकली तशी सासूबाईंनी तिला पिठाच्या पोत्याला हात लावू देणं बंद केलं. मग एका सकाळी भट्टीजवळ उभी असतानाच तिच्या अंगावरून थोडंसं रक्त गेलं. दुखत काहीच नव्हतं. तरी नवऱ्याने दुकानाचं शटर ओढलं आणि तिला सोनोग्राफीला नेलं.

डॉक्टरीणबाई एरवी बडबड्या. ठमीच्या वेळी सबंध तपासणीभर त्यांनी हसवलं होतं. आज मात्र त्यांचा हात एका जागी थबकला आणि बोलणं बंद झालं.

अखेर त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. गर्भाशयाची पोकळी रिकामी होती. गर्भ खाली, पुढच्या भिंतीत, सिझेरियनच्या जुन्या व्रणात शिरून बसला होता. तो आणि लघवीची पिशवी, यांच्यामध्ये कांद्याच्या पापुद्र्याएवढा पडदा उरला होता. त्या इवल्याशा जागेत काहीतरी लुकलुकत होतं.

"ठोके आहेत?" तिने विचारलं.

"आहेत. म्हणूनच सांगायला जड जातंय. ही भिंत त्याला पेलणार नाही. फाटली तर रक्त आवरता येणार नाही, तुमच्याच जिवावर बेतेल."

नवऱ्याने भाबडेपणाने विचारलं, की त्याला जरा वर सरकवता नाही का येणार? ट्रे सरकवतो तसा त्याचा हातही हलला. कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं, की रुजलेलं उपटून दुसरीकडे लावता येत नाही.

ती पडद्याकडेच बघत होती. रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या रंगीत चित्रात त्या ठिपक्याभोवती लाल-निळ्या रक्तवाहिन्यांची गर्दी दिसत होती. एवढी मोकळी जागा सोडून तो या फटीत शिरला होता, आणि तिच्या शरीराने, तिला न विचारता, चहूबाजूंनी त्याला रक्त पुरवलं होतं. तिला रडू येण्याआधी नवल वाटलं.

दुसऱ्याच दिवशी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. बरं वाटल्यावर तिने शस्त्रक्रियेचं चित्रण बघायला मागितलं. नवरा नको म्हणत होता, पण शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनबाईंनी तिला शेजारी बसवून दाखवलं. लघवीची पिशवी हळूच सोडवून खाली सारलेली. तिच्यामागे जांभळा फुगवटा, त्याच्यावरची साय इतकी पातळ, की आतलं रक्त दिसत होतं. मग गर्भ अलगद बाहेर काढला, व्रणाच्या झिजलेल्या कडा कापल्या आणि निरोगी मांस मांसाला जोडून शिवलं.

"इतकी वर्षं हेच करतेय," सर्जनबाई म्हणाल्या, "पण हा फुगवटा दिसला की आमच्यातलं कुणी बोलत नाही."

पुढे रक्ताच्या तपासण्यांत गर्भारपणाची खूण सांगणारं संप्रेरक उतरत उतरत संपलं. काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. भिंत जाड, सलग भरून आली होती. पुन्हा दिवस राहिले तर लगेच या, कुठे रुजलंय ते आधी बघू, असं त्यांनी बजावलं.

बेकरीवालीने पोटावरचं जेल पुसलं आणि तळहात तिथेच ठेवला. आत एवढं सगळं घडून गेलं होतं, आणि वरून काही म्हणता काही कळत नव्हतं. नवऱ्याने दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे ती उठली.