साखर-मिठाची बाटली

भट्टीवरच्या माणसाला तहान लागली तर कोण विचारतंय? लागणारच. लोखंड वितळतं तिथे माणूस कोरडा पडणारच. म्हणून त्या कारखान्यात प्रत्येकाजवळ साखर-मीठ घातलेल्या पाण्याची बाटली असायची. दादाची बाटली वहिनी भरून द्यायची.

दादाला ताप आला, उतरला, तो कामावर आला आणि पाणी पीत सुटला. स्वतःची बाटली संपली, मग दुसऱ्यांच्या. मिस्त्री म्हणाला, "काय रे, उंट झालास का?" सगळे हसले. त्याच भट्टीवर काम करणारा दादाचा धाकटा भाऊ बारक्या, तोही पोट धरून हसला. संध्याकाळी दादाला उलट्या सुरू झाल्या. सकाळी दवाखान्यात नेला तेव्हा नुसता धापा टाकत होता. दुपारी सगळं संपलं. साखर इतकी चढलेली की मशीनला आकडाच दाखवता आला नाही.

आईने 'साखर' एवढंच ऐकलं. तिला तेवढं पुरलं.

"माझ्या पोराला तूच पाजलीस ना साखर?" ती वहिनीला ऐकवायची. आरडाओरडा करून नाही, भाजी चिरता चिरता. ती बाटली तिने फडताळात वर ठेवली होती, येता-जाता दिसेल अशी. वहिनी उलटून बोलायची नाही, कारण मनातून तिलाही तसंच वाटत होतं. शेवटी तिने बॅग भरली. माहेरी, कायमची.

ती निघायच्या दिवशीच बारक्या दवाखान्यातून आला. दादाला तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी मागे त्याचंही रक्त घेतलं होतं. बूट न काढताच तो खुर्चीत बसला.

"वहिनी, थांबा जरा. आई, तूपण ये."

"आता काय ऐकायचं राहिलंय?" आई विळीवरूनच म्हणाली.

"दादाचा मधुमेह नेहमीचा नव्हता. मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर रक्तात कळते म्हणे. ती जवळजवळ बरोबर होती. म्हणजे सगळं त्या तापानंतरच झालं. शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी असतात, त्या चार-सहा दिवसांत साफ मेल्या."

"आणि बाटली?" वहिनीने विचारलं. "खरं सांगा, भाऊजी."

खोटं सांगणं सोपं होतं. पण तिने खरं मागितलं होतं.

"आकडा थोडा वाढला असेल बाटलीने. पण आजार तिच्यामुळे नाही आला. साधं पाणी दिलं असतंत तरी आला असता. जनुकांत असतं असं काहीतरी, काही घरांत. असलं म्हणजे होतंच असं नाही, बहुतेकांना जन्मभर होत नाही. दादाच्या बाबतीत बहुतेक त्या तापाने घात केला."

आईची विळी थांबली. "काही घरांत म्हणजे?"

"आईबापाकडून येतं. माझ्यातपण तेच निघालंय."

वहिनी बॅगेवरच बसली. आईने हातातला अर्धा भोपळा खाली ठेवला.

"माझ्याकडून की ह्यांच्याकडून?"

"बाबा तर गेले. तुझं रक्त तपासलं तर कळेल कदाचित. द्यायचंय का?"

"कशाला? कुणाला बोल लावायला?" आई फटकन म्हणाली. आणि तिचं तिलाच ते ऐकू गेलं.

मग हळूच म्हणाली, "तुला ताप आला तर रे?"

"आला तर लगेच साखर बघायची. तहान भट्टीची समजायची नाही. मिस्त्रीला पण सांगून आलोय, तापातून उठलेला कुणी पाणी पीत सुटला तर हसायचं नाही, उचलायचं आणि दवाखाना गाठायचा."

ते ऐकून मिस्त्री उठला होता. तोंड धुवायला गेला होता.

वहिनी उठली. "मी निघते." आई 'थांब' म्हणाली नाही, तिच्या तोंडून निघेनाच ते. बारक्याने बॅग घेतली. दोघं कोपऱ्यापर्यंत पोचली, तोच मागून हाक आली. आई अनवाणी येत होती, धापा टाकत. हातात तीच बाटली, भरलेली.

"ऊन आहे," आई म्हणाली.

वहिनीने झाकण काढलं. एक घोट घेतला.

"मीठ जास्त पडलंय, आई."

"पडणारच. मला कुठे माहितीये किती घालायचं? तूच तर भरायचीस."

वहिनी बाटलीकडे बघत राहिली. मग पुन्हा तोंडाला लावली.