देवपूरचे शेतकरी

यावलजवळची ती केळीची बाग कागदावर प्रेमराज नानांची होती. राबणं सगळं छगन आणि भागाबाईचं. नाना कॉलेजातून निवृत्त होऊन धुळ्याला देवपुरात राहत. बाग त्यांनी छगनला निम्म्या वाट्याने दिली होती, तीही तोंडी.

टाळेबंदी लागली तेव्हा घड कापणीला आले होते. व्यापाऱ्यांचे ट्रक येईनात. आज सुटेल, उद्या सुटेल म्हणता म्हणता केळी झाडावरच पिवळी पडून फुटली. शेवटी छगनने घड कापून बांधावर टाकले आणि भागाबाईने गावच्या शेळ्या आत सोडल्या. त्या आंबूस वासाने तिला कित्येक दिवस घास गिळवत नव्हता.

पुढे सरकारने मदत जाहीर केली. पाहणीच्या दिवशी नाना मुलाला, योगेंद्रला घेऊन गाडीने आले. पांढरा शर्ट, तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे.

"बाग कसतं कोण?" पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

"आम्हीच," नाना म्हणाले. "हा आमचा जुना गडी."

भागाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. साहेब भला माणूस असावा. त्याने छगनलाही विचारलं. छगन मातीकडे बघत म्हणाला, "हो साहेब. मी गडीच आहे."

मग योगेंद्रने वडिलांना सडक्या ढिगाजवळ उभं केलं. नानांच्या हातात घड हवा होता, पण त्यांना तो वास सोसेना. तेव्हा छगनने खाली वाकून घड उचलून धरला, नानांनी वरून नुसता हात टेकवला, आणि छगन दिसणार नाही असा फोटो निघाला. नानांनी मोजे काढून तिथेच बांधावर टाकले.

"भागाबाई, चहा टाका जरा."

"दूध नाही," ती म्हणाली. म्हैस समोर बांधलेली होती.

ते गेल्यावर तिने छगनला विचारलं, "कसाले खोटं बोलनात?"

"वावर त्यासनं शे. पुढला साल दिन्हं नही त खाऊत काय?"

त्या दिवशी तिने त्याला वाढलं ते तोंड फिरवून.

मदत नानांच्या खात्यात आली. छगनने विचारलं नाही, नानांनी सांगितलं नाही. काही महिन्यांनी भागाबाईच्या मुलीने, मयुरीने मोबाइलवर एक फोटो दाखवला. नानांनी ती रक्कम आपल्या कॉलनीच्या प्रवेशकमानीला दिली होती. खांद्यावर शाल, मागे फलक, 'संकटातही शेतकऱ्याचे मोठे मन', आणि फलकावर तोच घडाचा फोटो. लोक टाळ्या वाजवत होते. भागाबाईने मोबाइल उलटा ठेवला.

नवीन लागवडीचं सांगायला नानांचा फोन आला, तेव्हा तो तिनेच उचलला.

"नाना, कमान चांगली झाली म्हणे."

"हो ना. पैसे सत्कारणी लागले."

"आमच्या वाट्याचेही?"

नाना चिडले नाहीत. वर्गात समजावावं तसं हळू बोलले, "भागाबाई, ती मदत शेतकऱ्याला असते. तुमचं नाव सातबाऱ्यावर आहे का? मग वाटा कसला? छगनला द्या बरं फोन."

तिने फोन दिला. छगन उभा राहून बोलला, जणू नाना समोरच होते. "हो नाना. लावतो नाना. नाही, ती तशीच आहे, मनावर घेऊ नका."

नानांच्या त्या गोड आवाजापेक्षा तिला या शब्दांची जास्त किळस आली.

सकाळी छगनने केळीच्या कंदांचं पोतं उचललं आणि दारात थांबला. "चाल."

"मी त्या बागमा पाय ठेवाव नही."

तो एकटाच गेला. तिने विळा घेतला आणि चोपड्याच्या रस्त्याला दुसऱ्याच्या कपाशीत रोजाने निंदायला गेली. वर्षभर दोघं वेगवेगळ्या शेतांत राबली. बाग झकास आली. छगनने केळ्यांची एक फणी घरी आणली, मयुरीने खाल्ली. भागाबाईने हात लावला नाही.